टाइनकाठचं न्यूकॅसल

प्लिमथ, १० नोव्हेंबर १९८२

प्रिय सौ. नीलम्मास, स. न. वि. वि.

इथल्या दवाखान्यातली माझी सहा महिन्यांची डॉक्टरकी संपत आली. पुढची नोकरी न्यूकॅसलला, दोन वर्षांची. राहायला घरही आहे. मार्चमध्ये तू निघून ये. गावांची नावं सोपी आहेत: प्लिमथ म्हणजे प्लिम नदीचं मुख, ऑक्सफर्ड म्हणजे बैल नदी ओलांडत ती जागा. वाचताना मात्र फसगत होते. मी लायसेस्टरचं तिकीट मागितलं, तर खिडकीवरच्या बाईने लेस्टरचं दिलं. मी परत करायला निघालो होतो; गाव तेच निघालं. न्यूकॅसल दोन आहेत, माझं टाइन नदीच्या काठचं; म्हणून पत्त्यात टाइनकाठचं असं जरूर लिही. आईला शरणार्थ.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा गुरुलिंग

उदगीर, २ डिसेंबर १९८२

डॉक्टरसाहेबांस शरणु शरणार्थ, वि. वि.

न्यूकॅसल म्हणजे नवा किल्ला ना? तुम्ही घरी ठेवून गेलेल्या पुस्तकात तो नऊशे वर्षांचा लिहिलाय. आपला लातूर जिल्हा चार महिन्यांचा. जिल्हा कचेरीच्या पाटीचा रंग अजून बोटाला लागतो. पावसाने दगा दिला, विहिरी आटल्या. एक गोष्ट लपवली होती. त्याच कचेरीत लिपिकाची परीक्षा दिली, पास झाले. सोमवारी पाणीटंचाईच्या कामावर रुजू होणार. अत्या म्हणून राहिल्या, आधी माझ्या लेकाला विचार. पण पत्र जाऊन यायला महिना लागतो. मार्चमध्ये जमणार नाही. रागवा, पण पत्र टाकून रागवा.

आपली नीलम्मा

न्यूकॅसल, ३ जानेवारी १९८३

सौ. नीलम्मास,

रागावलो आहे. तीन खोल्यांत एकटा जेवतो. एका लिपिकावाचून जिल्हा अडणार नाही.

गुरुलिंग

लातूर, २९ जानेवारी १९८३

डॉक्टरसाहेबांस शरणु शरणार्थ, वि. वि.

जिल्हा अडला नसता, पिंपळवाडी अडली असती. रेणापूरच्या वाटेवर त्या नावाच्या दोन वाड्या आहेत. नवखा टँकरवाला पाणी असलेल्या वाडीतच चार दिवस टँकर रिकामा करत होता. कागद चाळताना तुमची दोन न्यूकॅसलं आठवली. मी टँकरमध्ये बसूनच दुसऱ्या वाडीला गेले. नागम्मा नावाच्या म्हातारीने पहिला तांब्या भरून मलाच दिला. मला पिववेना. तुमची आठवण लई येते, हेही खरं. पण जून येईस्तोवर हे काम सोडवत नाही.

राग सरला असेल तर दोन ओळी लिहा.
आपली नीलम्मा

न्यूकॅसल, १५ फेब्रुवारी १९८३

प्रिय नीलम्मा,

पत्र तीनदा वाचलं. मागचं पत्र फाडून टाक; ते लिहिल्याची लाज वाटते. इथल्या मोठ्या डॉक्टरांना सांगून आलो की दोन नाही, एकच वर्ष राहीन. ते म्हणाले, चांगली जागा हातची घालवतोस. मी म्हणालो, बायको लातूरला नोकरीवर आहे. माझ्या दवाखान्याला जागा मागाहून शोधू. आधी दोघांना पुरेल अशी खोली बघून ठेव.

तुझाच,
गुरुलिंग