तासाला अडीच लाखांचं हेलिकॉप्टर

४ मे

ग्लाफिरा आज पुन्हा! दवाखान्याची ही बाई एरवी मला फक्त दुकानाच्या रांगेत ओळख दाखवायची. आता रक्तदाब मोजायला रोज दारात हजर. आज छातीला तारा लावल्या. यंत्रातून कागदाची पट्टी निघाली, ती मला न दाखवता खिशात.

"काय दिसलं?"

"म्हातारपण दिसलं, येरेमेय निकानोरिच!"

माझ्याकडे न बघता बोलली.

५ मे

कळलं! तिच्या भाच्याचं लग्न ठरलंय आणि त्याला घर नाही. माझ्या खिडक्या नदीकडे उघडतात. मला वृद्धाश्रमात ढकलायचा बेत!

पाणी आणताना वाटेत दोनदा बसावं लागलं. बादल्याच जड आहेत.

६ मे

म्हणते, "जिल्ह्याच्या इस्पितळात जाऊन या."

कसा जाऊ? नदीवरचा बर्फ फुटतोय, ना गाडी ना होडी. उरलं हेलिकॉप्टर. बावीस माणसांचं ते धूड! पंखे फिरायला लागले की तासाला अडीच लाख रूबल. आत एक माणूस असो की वीस, तेल तेवढंच पितं. माझी वर्षाची पेन्शन एका तासात भुर्र!

मी ठणकावलं, "माझ्यासारख्या थेरड्यावर एवढं जाळायचं? त्यात शाळेचा हिवाळ्याचा कोळसा येईल. मी नाही बसायचो!"

"इस्पितळवाले तरी कुठे पाठवतायत," ती पुटपुटली. "ऐंशीच्या पुढचा म्हटलं की फोन ठेवतात."

मग मला विचारतेस कशाला, बाई? काहीतरी शिजतंय.

पूर्वी गावाच्या हेलिकॉप्टरच्या मैदानावर वारा मोजायची नोकरी माझीच होती. हेलिकॉप्टरमधून टरबुजं यायची— टरबुजं, या थंडीच्या मुलखात! तासाचा हिशोब कुणी विचारत नसे. वैमानिकाला मी चौथीतली ढगांची कविता म्हणून दाखवायचो. आज शेवटचं कडवं आठवलंच नाही.

७ मे

दुकानात शिरलो आणि सगळे गप्प झाले.

८ मे

गुपित फुटलं! शेजारची उस्तिन्या आली. पोट हे एवढं, चेहरा रडवेला.

"आजोबा, मला कळा येतायत. पण एकटीसाठी ते हेलिकॉप्टर पाठवायचे नाहीत. दोन रोगी असले तर पाठवतील. तुम्ही जरा आजारी पडा ना!"

म्हणजे त्या तारा, ती पट्टी, सगळी याची तयारी होती! मला आधी सांगायला काय झालं होतं? पोरीसाठी मी मेल्याचं सोंगसुद्धा आणीन.

९ मे

आलं! खर्च वाढू नये म्हणून वैमानिकाने पंखे थांबवलेच नाहीत. "चढा, चढा! इथे मिनिटामिनिटाला पैसा जळतोय!"

मी झकास कण्हलो. पण उस्तिन्यापुढे मी काहीच नाही— अशी किंचाळली की मैदानावरची कुत्री पळाली! ग्लाफिराने मात्र सारा वेळ हात माझाच धरला होता. सोंग वठवायला, लबाड!

१४ मे

इस्पितळ. आज बसून लिहू देतायत. छातीवर टाके.

डॉक्टरांना विचारलं, "उस्तिन्याचं बाळ?"

"बाळाला अजून दोन महिने आहेत. ती आज टपालाच्या हेलिकॉप्टरच्या महिन्याच्या फेरीने घरी गेली. कळाबिळा काही नव्हत्याच, आजोबा. तुम्ही मात्र तिथे आणखी एक रात्र काढली नसती."

तासाला अडीच लाख— आणि ती पोरगी माझ्यासाठी किंचाळत होती!