अमरेशच्या सहीची चिठ्ठी

जुळे सोलापूर,
८ नोव्हेंबर २०२५

चि. अमरेश यास,
शरणु शरणार्थी व अनेक आशीर्वाद. वि. वि.

फोनवर आपलं बोलणं हल्ली भलतीकडेच जातं. मी भावजयीच्या, शिवबाईच्या, गुडघ्याचं विचारते आणि तू गाडीच्या गिअरचं सांगत बसतोस. म्हणून हे पत्र.

तुमच्या मोटार मंडळाचं निवेदन सोबत आहे. सायलेन्सर बदलला की सरसकट जप्ती आणि वर त्यावर रोलर फिरवायचा, हा अन्याय आहे, असं तुमचं म्हणणं मी सभ्य भाषेत मांडलंय. तू लिहिलेला ‘गुंडगिरी’ शब्द काढलाय; रुसू नकोस. सभासदांनी गाडीत ठेवायची चिठ्ठीही लिहिली आहे : ‘या गाडीचा आवाज मी स्वतः कानांनी तपासला असून तो मर्यादेत आहे.’ खाली तुझी सही. लिहिताना वाटलं : चाळीस गाड्या एका माणसाच्या कानावर? पण सात रस्ता चौकात बावीस वर्षं तू सायलेन्सर बनवतोस, तुझ्याइतकी पारख दुसऱ्या कुणाला असणार, असं मनाशी म्हटलं.

कानाच्या तपासणीचा कागद माझ्याकडेच आहे. थोडं कमी ऐकू येतं, एवढंच. वेल्डिंग करताना कापसाचे बोळे घालत जा.

शिवबाईला आशीर्वाद. माया आहेच, ती वाढो.
तुझी अक्का,
सिद्धेश्वरी


कुंभारी,
२१ नोव्हेंबर २०२५

ती. सिद्धेश्वरीअक्कास,
अमरेशचा शि. सा. न. वि. वि.

बातमी वाईट हाय. हिंदुरावची काळी गाडी तुला आठवत आसंल, तू दुकानात आलतीस तवा तिचंच काम चाललं होतं. मंगळवारी सांजच्याला हितं स्टॉपजवळ तिच्या सायलेन्सरातून बार निघाला. आपल्या गल्लीतल्या सावित्रम्मा विड्यांची पाटी घेऊन कडेनं चालल्या होत्या. दचकून रस्त्यात सरल्या आणि मागनं येणाऱ्या टेम्पोखाली गेल्या. जागीच संपल्या.

हिंदुरावनं पोलिसांना माझ्या सहीची चिठ्ठी दाखवली. गुरुवारी मला जबाबाला बोलावलंय. मंडळातले म्हणतात, टेम्पोवाल्याची चूक हाय म्हणून सांग. मला खोटं बोलायचं न्हाय, अक्का. पण मी स्वतः त्या गाडीमागं उभा होतो. ताक घुसळल्यासारखा मऊ आवाज होता. तू पण होतीस की तितं. तेवढं खरं खरं जबाबात लिहून दे. तुझ्या लिखाणात कुणी खोट काढत न्हाय.

शिवबाई हल्ली तोंडातल्या तोंडात बोलती. तिचंही मन जाग्यावर न्हाय.

थोरांनी धाकट्यावर धरावा तसा जीव आसू दे.
तुझा,
अमरेश


जुळे सोलापूर,
२४ नोव्हेंबर २०२५

चि. अमरेश यास,
आशीर्वाद. वि. वि.

तो जबाब मी लिहून देणार नाही. का, ते सांगते.

सोळा ऑक्टोबरला तुझे कान तपासून झाल्यावर तू गाडी काढायला गेलास, तेव्हा डॉक्टरांनी मला आत थांबवून घेतलं. उजवा कान जवळजवळ गेलाय, डावा निम्मा राहिलाय, असं ते म्हणाले. हे काम बंद करायला हवं, आणि तुम्हीच त्यांना समजावून सांगा, असंही म्हणाले. गाडीत बसल्यावर तू विचारलंस, तेव्हा मी ‘थोडं कमी’ म्हणाले. तू हसलास. त्या दिवशी मी वहीत लिहिलं, उद्या सांगेन. सावित्रम्मा गेल्या तोवर वहीची तेहतीस पानं भरली. त्यांत ग्रंथालयातली गहाळ पुस्तकं आहेत, पाणी न आल्याची तक्रार आहे. तुला सांगितल्याचं कुठं नाही.

हिंदुरावच्या गाडीचा आवाज मऊ नव्हता. शेजारच्या दुकानाच्या काचा थरथरल्या. मी दोन्ही कानांवर हात ठेवले, तू बघशील म्हणून. तू गाडीकडे बघत होतास. अमरेश, तुझा कान जसजसा गेला, तसतसा तू सायलेन्सर मोकळा करत गेलास. तुला आवाज तेवढाच वाटत राहिला. हे मला त्याच दिवशी कळलं होतं. तरीही घरी येऊन मी चिठ्ठी लिहिली.

तुझी कीव केली, की दुकान बंद पडलं तर तुझा संसार माझ्यावर येऊन पडेल या भीतीनं गप्प बसले, ते मला ठरवता येत नाही. दोन्ही असेल.

कागद सोबत आहे. तो पोलिसांना दाखवायचा की नाही, हे तू ठरव. मला बोलावलं तर मी जे ऐकलं तेच सांगेन.

रागव, पण उत्तर लिही.
तुझी अक्का


कुंभारी,
२९ नोव्हेंबर २०२५

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

कागद तीनदा वाचला. बुधवारी शेजारच्या दुकानातनं पीरसाबचाचांना बोलावून एका गिऱ्हाइकाच्या गाडीजवळ उभं केलं. त्यांच्या तोंडाकडे बघत हळूहळू पेडल दाबलं. त्यांनी तोंड वाकडं करून डोळे मिटले, तवा मला नुसती घरघर येत होती. इतकी वर्षं का बोलला न्हाय, म्हणून विचारलं. ते बोलले ते मला कळलं न्हाय, तवा त्यांनी पाटीवर खडूनं लिहिलं, ‘तू उस्ताद. तुला कोण सांगणार?’

गुरुवारी जबाब दिला. कागद जोडला. चिठ्ठी माझीच, तपासणारा कान गेलेला, आसं लिहून घ्या म्हणालो. मंडळानं मला ग्रुपमधनं काढलंय. मी कायदेवाल्यांना विकलो गेलो म्हणत्यात. दुकानाला कुलूप हाय. तुझ्यावर राग हाय, अक्का. तो कधी जाईल, मला सांगता येत न्हाय.

काल शिवबाईला संगं घेऊन सावित्रम्मांच्या घरी गेलतो. त्यांचा नवरा तिप्पण्णा उंबऱ्यावर बसला होता. शिवीगाळ करंल, मारंल, आसं धरून गेलो होतो. पण त्यानं खाली मान घालून हळू आवाजात कायतरी विचारलं. मग आणखी कायतरी. त्याचे ओठ दिसत नव्हते. ‘मला ऐकू येत न्हाय, मोठ्यानं बोल’ म्हणायचं त्या दारात जमलं न्हाय. त्यानं जे जे विचारलं, त्याला मी व्हय म्हणालो.

मग तो उठला आणि दार लावून घेतलं. त्यानं काय विचारलं, ते शिवबाईनं ऐकलंय. ती सांगत न्हाय.

माया ठेव म्हणायला तोंड न्हाय. तरी ठेव.
तुझा,
अमरेश