चढावरील वाहनगणनेतून एक शिकाऊ गाडी वजा करण्याबाबत

प्रति,
मा. कार्यकारी अभियंता,
द्रुतगती मार्ग रुंदीकरण कक्ष,
दुसरा मजला, जिन्याशेजारील खोली.

विषय : चढावर मोजलेली बहुतेक वाहने ही एकच गाडी असल्याचे कळवून फेरमोजणीची विनंती करणेबाबत.

संदर्भ : १) आपल्या कक्षाचा वाहनगणना अहवाल, पान चौदा. २) परवाची जाहीर सुनावणी.

महोदय,

१. अर्जदार हा द्रुतगती मार्गाच्या चढाच्या पायथ्याशी गेली सव्वीस वर्षे मोटार शिकवण्याची शाळा चालवतो. शाळा म्हणजे एक खोली, एक फळा व एक गाडी. गल्लीत त्यास हाफक्लच मास्तर म्हणतात, कारण सगळे शहर ताटासारखे सपाट असून अर्धा क्लच दाबून गाडी थोपवून धरायला शिकावे असा चढ हा एकच आहे. रुंदीकरणाच्या आराखड्यात अर्जदाराची खोली, मागचे राहते घर व ओळीतील आणखी अकरा बिऱ्हाडे जात असून सर्वांना महिन्याभरात जागा सोडण्याच्या नोटिसा आल्या आहेत. येत्या सोमवारी मंजुरीवर सही व्हायची आहे. म्हणून ही घाई.

२. परवाच्या सुनावणीत आपण खर्च दोनशे दहा कोटींवरून तीनशे चाळीस कोटींवर गेल्याचे सांगितलेत. त्यावर ओळीतले शिंपीकाका उठून म्हणाले, "साहेब, वर आठ पदर करा नाहीतर अठरा, सगळ्या गाड्या उतरणार त्या आमच्याच चौकात. नरसाळं मोठं आणलं म्हणून बाटलीची मान रुंद होते का?" टाळ्या झाल्या. डॉक्टरीणबाईंनी तक्रार केली की, "आत्ताच रस्ता ओलांडेपर्यंत पेशंटचा ताप उतरतो, मग तो दवाखान्यात कशाला येईल?" तेव्हा आपण पान चौदा उंच धरून विचारलेत, "या चढावर रोज अकरा ते एक या दोन तासांत तेराशे वाहनं जातात. आकडे काय मी घरून आणले?"

३. अर्जदार त्या वेळी बोलायला उभा राहिला व लगेच खाली बसला, हे आपल्या स्मरणात असेलच. अर्जदाराची पत्नी कोपराने ढोसून म्हणाली, "मिठाची गुळणी धरलीय का तोंडात? सव्वीस वर्षं लोकांना हॉर्न मारायला शिकवलंत, आज स्वतःचा मारा की!" परंतु अर्जदार पुन्हा उठला नाही. एवढे पूर्वरंगापुरते झाले. आता मूळ आख्यान.

४. अकरा ते एक ही अर्जदाराच्या शाळेची चढावरील सरावाची वेळ आहे. पूर्वी अर्जदार चढावर खडूने रेघ ओढी व शिकणाऱ्यास सांगे, "पुढचं चाक या रेघेवर थोपवून धरायचं. पुढे नाही, मागे नाही." रेघ रोज पुसली जाई. मोजणीच्या आठवड्यात एका सकाळी अर्जदार पाहतो तो चढावर आडवी, काळीभोर, दोन्ही कडांना खिळ्यांनी पक्की केलेली रबरी नळी! सरकारला आपली अडचण कळली, असे वाटून अर्जदाराचे डोळे भरून आले. त्याने तिथेच हात जोडले, सरकारचे भले चिंतले आणि खडू खिशात टाकला. ती वाहने मोजण्याची नळी आहे हे परवा आपल्या तोंडून ऐकेपर्यंत अर्जदाराच्या स्वप्नातही नव्हते.

५. सदर नळीवर चाक दोनदा गेले की एक वाहन धरले जाते, असे आपण सभेत समजावलेत. नवखा माणूस चढावर थोपवायला बसला की गाडी हातभर मागे येते, मग घाबरून हातभर पुढे जाते. प्रत्येक हेलकाव्यास एक वाहन. असे मिनिटाला दहा हेलकावे, दोन तास, न थांबता. माणूस शिकत असतो, महोदय. तो तरी काय करील? अहवालात म्हटले आहे की, "दुपारपूर्वी शहराबाहेर पडण्याची नागरिकांना तीव्र ओढ दिसते." ती ओढ नव्हे, ब्रेक नीट न लागणे होय. तसेच "गुरुवारी या मार्गाकडे नागरिक पाठ फिरवतात" असेही निरीक्षण आहे. गुरुवारी शाळेस सुट्टी असते. अर्जदाराची गाडी वजा केल्यास दोन तासांत शंभर वाहनेही उरणार नाहीत, व त्यांतील काही चुकून चढलेली असतात.

६. सदर चढावर शिकाऊ वाहनांस मनाई आहे, याची अर्जदारास जाणीव आहे. तसा फलक होता. चार वर्षांपूर्वी एका शिकाऊ बाईंनी तो मागे येताना पाडला व पुन्हा कोणी उभा केला नाही, त्यामुळे मनाई उठली असावी अशी अर्जदाराने सोयीची समजूत करून घेतली. हा कबुलीजबाब वाचून शाळेचा परवाना रद्द होऊ शकतो. गप्प राहावे तर घर जाते, बोलावे तर पोट जाते, असा विचार करत अर्जदार दोन रात्री छताकडे बघत पडला होता. पण गप्प राहिल्याने शिंपीकाकांचे मशीन, डॉक्टरीणबाईंचा दवाखाना व इतरांच्या चुलीही उचलल्या जातील, त्या अर्जदाराच्या पापाने. वर गेल्यावर तिथे सुनावणी असते ती काही पान चौदावर चालत नाही.

७. आता खाली बसण्याचे दुसरे कारण. ते लिहू नये असे वाटते, पण लिहिल्यावाचून अर्ज खोटा पडेल. मोजणीच्या आठवड्यात सर्वांत जास्त हेलकावे शिकाऊ क्रमांक सात यांचे होते. कपाळापर्यंत टोपी, नाकापर्यंत मफलर, व्यवसाय "शिक्षक" असे सांगितलेले. घरी कळू द्यायचे नाही, अशी अट होती. साधे, सज्जन गृहस्थ. गाडी बंद पडली की गाडीचीच माफी मागत. सभेत अर्जदार पुढच्या रांगेत होता आणि व्यासपीठावरच्या टेबलाचे कापड आखूड होते. शिंपीकाकांनी नरसाळ्याचा प्रश्न टाकताच टेबलाखाली एक डावा बूट दाणकन जमिनीत दाबला गेला व जोडीचा उजवा इकडे तिकडे ब्रेक शोधू लागला. माणसाचा चेहरा अर्जदार विसरेल, पाय विसरत नाही. याहून अधिक खुलासा अर्जदार करीत नाही.

८. तरी नम्र विनंती की, सोमवारची सही थांबवून चढावर पुन्हा सात दिवस मोजणी व्हावी. त्या काळात गाडी हलणार नाही याची खात्री म्हणून तिची किल्ली या अर्जासोबत जोडली आहे. परवाना रद्द करणे भाग असल्यास खुशाल करावा, मात्र मोजणीनंतर तीन दिवसांची सवलत द्यावी. शिकाऊ क्रमांक सात यांचे तीन धडे बाकी आहेत, पुढच्या महिन्यात त्यांची परीक्षा आहे, आणि चढावर ते अजून मागे येतात. शिष्य अर्ध्या चढावर सोडून जाणे अर्जदाराच्या जिवाला पटत नाही. किल्ली आपल्याकडेच असल्याने वेळ आपणच कळवावी.

कळावे, लोभ असावा, राग आल्यास एकट्या अर्जदारावर असावा.

आपला नम्र,
(सही)
हाफक्लच मास्तर
दिनांक : सुनावणीनंतरचा दुसरा दिवस

सोबत :
१) गाडीची किल्ली, एकुलती एक.
२) ओळीतील बारा बिऱ्हाडांच्या सह्या. शिंपीकाकांनी रागाने दोनदा केली आहे, एकच धरावी.
३) शाळेचा परवाना, मूळ प्रत.
४) हजेरीवहीतील मोजणीच्या आठवड्याचे पान, शिकणाऱ्यांच्या सह्यांसह : जोडलेले नाही. ते अर्जदार फाडून टाकणार होता, पण पत्नीने आधीच काढून कपाटात ठेवले आहे. मागितले, देत नाही.