मंगळाच्या धुऱ्यावर

प्रिय आत्या,

पत्र एका पानात संपवावं, असं तूच मला शिकवलंस. आज ते जमणार नाही, आधीच सांगून टाकते.

परवा मुंबईहून अकोल्याला परत आले. बॅग अजून तशीच पडली आहे. तुझ्या ‘तांबडं वावर’ची मालिका होते आहे, आत्या. टीव्हीवर! तुझ्या हयातीत तो डबा आपल्याकडे कोणी पाहिलाही नव्हता. आता रविवारी आमच्या बैठकीत पंधरा माणसं जमतात आणि चपलांचा ढीग दारात मावत नाही. त्या डब्यासाठी तुझी कादंबरी तेरा भागांत बसवायचं काम माझ्याकडे आलं. ते करताना कळलं की तुझं एक वाक्य मी चौदा वर्षांची असताना तुझ्याकडून काढून घेतलं होतं. या खेपेला मुंबईत ते परत केलं. कसं केलं ते तुला सांगायला हवं, म्हणून हे पत्र.

अमरावतीतल्या तुझ्या त्या दोन खोल्या आठवतात तुला? बाबांनी मला शिकायला तुझ्याकडे ठेवलं, तेव्हा मला वाटलं होतं, शास्त्राच्या बाईंच्या घरी दुर्बिणी असतील, काचेच्या नळ्या असतील. होता एक स्टोव्ह, आणि तपासलेल्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे. मुलींनी कोरी सोडलेली पानं तू फाडून घ्यायचीस, दाभणानं शिवून त्यांच्या वह्या करायचीस. ‘तांबडं वावर’ त्या वह्यांत लिहिलं गेलं. पानांच्या कोपऱ्यांत मुलींचे नंबर होते. बावीस नंबरच्या मुलीच्या कोऱ्या पानावर तुझं यान सुटलं होतं!

लिहायचीस निळ्या शाईनं आणि दुसऱ्या दिवशी लाल शाई घेऊन स्वतःलाच तपासायला बसायचीस. प्रत्येक प्रकरणाखाली दहापैकी मार्क. पाच, सहा, फार तर साडेसहा. मी म्हटलं, आत्या, स्वतःला तरी थोडे जास्त दे. तू म्हणालीस, मुलींना देत नाही ते मी का घेऊ?

शाळेत तू किती शुद्ध बोलायचीस! घराचा उंबरा ओलांडला की आपल्या गावचं, बाळापूरचं बोलणं तुझ्या जिभेवर परत यायचं. गिरजाही तशीच बोलायची. तुझी गिरजा, मंगळावर गेलेली. यानात सगळे शिकलेले पुरुष, आणि त्यांच्यात ही एकटी वावरातली बाई. तिला का नेलं, तर मातीत बोटं घालून ती ओल सांगू शकते, आणि यंत्रांना ते जमलेलं नाही. तेव्हा मला ते गमतीचं वाटायचं. आता लिहायला बसले तेव्हा उमगलं की केवढं मोठं धाडस होतं ते. त्या काळात, त्या गावात, शास्त्रावरच्या गोष्टीच्या मध्यभागी एक तण निंदणारी बाई आणून ठेवायची, आणि कोणी हसणार नाही अशी ठेवायची! मोठमोठ्यांना हे सुचलं नव्हतं, आत्या. तुला स्टोव्हसमोर बसून सुचलं.

तपासून झालेलं तू मला रोज संध्याकाळी वाचून दाखवायचीस. मी तुझी पहिली वाचक होते आणि भारी आगाऊ होते. शास्त्रात वर्गात पहिली! त्या वर्षी दिवाळीच्या सुमारास माणसानं आकाशात पहिला उपग्रह सोडला होता. मला वाटायचं, आता जगातली प्रत्येक गोष्ट मला कळते.

एके दिवशी तू यान मंगळावर उतरवलंस. दार उघडतं. सगळे पुरुष झेंडा कोणी रोवायचा यावर वाद घालत असतात. गिरजा त्यांच्यामधून शिडी उतरते, शेवटच्या पायरीवर थांबते, वाकते, आणि पायातलं काढून ठेवते. मग मंगळावर पाय टाकते.

वाचून तू माझ्याकडे पाहिलंस. तुझे डोळे भरले होते. ते मला दिसले होते, आत्या. दिसूनही मी बोलले.

मी म्हटलं, हे चूक आहे. दुसऱ्या प्रकरणात तूच लिहिलंस की पोशाख कुठेही उघडला तर माणूस जगणार नाही. मंगळावर हवा किती विरळ, थंडी किती. बूट काढले तर ती तिथल्या तिथे मरेल.

तू वही मिटलीस. “मंग थे वावरात बूट घालून उतरन काय वं?” असं हळूच म्हणालीस.

“ते वावर नाही, आत्या. ग्रह आहे. तूच शिकवलंस ना?”

“हो वं,” तू म्हणालीस. “मीच शिकवलं.” आणि उठून भाकरी टाकायला गेलीस.

पुस्तक छापून आलं तेव्हा त्यात एवढंच होतं: “गिरजा खाली उतरली आणि चालू लागली.” मी मनातून खूश झाले. शाळेत मैत्रिणींना सांगितलंसुद्धा की आत्याची चूक मी पकडली. तू मला एकदा तरी दटावायचं होतंस! एका पोरीच्या म्हणण्यावरून एवढं खोडतात का? तुझा हा साधेपणा मला अजून सहन होत नाही.

आणि दुसरी कादंबरी तू का लिहिली नाहीस? मी विचारलं की तू म्हणायचीस, कोरी पानंच उरत नाहीत, पोरी आता लय लिवतात. मी हसायचे. माझं लग्न झालं, मी अकोल्याला आले, आणि एका हिवाळ्यात काविळीनं तू गेलीस. विचारायचं राहून गेलं.

त्यानंतर वर्षभरात माणूस चंद्रावर उतरला. आमच्या गल्लीत रेडिओभोवती गर्दी होती. काही दिवसांनी छापून आलेल्या फोटोत धुळीत उमटलेला पायाचा ठसा होता. बुटाचा. म्हणजे माझंच बरोबर होतं, नाही का? मी तो कागद घडी करून, तू गेल्यावर माझ्याकडे आलेल्या तुझ्या वह्यांच्या ट्रंकेत ठेवला.

आता मालिकेचं सांगते. दिग्दर्शक मुंबईचा, तिशीतला. लहानपणी शाळेच्या वाचनालयातून तुझं पुस्तक त्यानं इतक्या वेळा नेलं की शेवटी ते त्यालाच देऊन टाकलं. अख्खी पानं तोंडपाठ. तुला आवडला असता. पण असं प्रेम करणारा माणूस फार अवघड असतो! पुस्तकात तू गिरजाच्या मनातलं पानंच्या पानं लिहिलं आहेस. टीव्हीला मन दिसत नाही, त्याला हात-पाय, चेहरा लागतो. ती काय विचार करते हे दाखवायला मी जरा काही नवं लिहिलं की तो म्हणायचा, पुस्तकात नाही ते आपण घालायचं नाही.

सहाव्या भागाशी मी अडले. यान उतरतं, गिरजा उतरते आणि चालू लागते. बस? ज्या क्षणासाठी सगळी कादंबरी, तो असा कोरडा? मग ट्रंकेतून तुझ्या वह्या काढल्या.

ते वाक्य होतं. लाल शाईनं सरळ, पट्टी धरून खोडलेलं. समासात तुझं अक्षर, माझं नाव: “कमूचं बरोबर आहे.” आणि प्रकरणाखाली मार्क. नऊ. सगळ्या वह्या पुन्हा पाहिल्या, दुसरा नऊ कुठेच नाही. वाक्य खोडलंस, आत्या, पण नऊ खोडला नाहीस.

मी प्रसंग नव्यानं लिहिला. शास्त्र मोडायचं नाही, बूट काढायचे नाहीत. गिरजा शेवटच्या पायरीवर वाकते, हात बुटाच्या पट्ट्याशी जातो, तिला आठवतं, आणि हात तिथेच थांबतो. मग ती हातमोज्यानं जमिनीला स्पर्श करून तोच हात कपाळाला लावते. एवढंच.

वही घेऊन मुंबईला गेले. दिग्दर्शकानं ती दोन्ही हातांत धरून वाचली. मग फार नम्रपणे म्हणाला, “पण ताई, लेखिकेनं स्वतःच खोडलंय. कारणही लिहिलंय. हा त्यांचा शेवटचा निर्णय.”

समासातली कमू माझ्याच विरुद्ध साक्ष देत होती. त्यातून गिरजाचं काम करणारी मुलगी गोंधळलेली. तिनं विचारलं, बुटाला हात का लावते मी, पट्टा सुटला म्हणून? मी म्हटलं, चल, दाखवते.

स्टुडिओत मंगळ तयार होता. फळ्यांच्या चौकटीत लाल मुरूम पसरलेला, वर दिव्यांचा उजेड. मी तिला समजावत समजावत निघाले. चौकटीपाशी पोचले आणि बोलता बोलता चपला काढून आत गेले.

मला कळलंसुद्धा नाही. मुरूम तळव्याला टोचला तेव्हा लक्षात आलं की सगळे माझ्या पायांकडे पाहत आहेत. फळीबाहेर माझ्या चपला, शेजारी शेजारी, जशा आपण बाळापूरला पेरणीच्या दिवशी धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, काढायचो. तू सुद्धा काढायचीस, शाळेच्या बाई असून, शहरी सँडल हातात धरून. लहानपणी मी विचारलं होतं, काहून काढायच्या? तू म्हणालीस, “आपल्या घरात कोनी चपला घालून आलं तं तुले चालते काय?”

तेच मी दिग्दर्शकाला सांगितलं, तुझ्याच शब्दांत. म्हटलं, यानातले पुरुष झेंडा रोवायला आलेत. ही कोणाच्या तरी घरी आली आहे.

त्यानं वाकून माझ्या चपलांकडे पाहिलं. मग त्या मुलीला म्हणाला, “ताई गेल्या तशी जा. आणि पट्ट्याशी पोचलीस की थांब.”

तिनं ते इतकं छान केलं, आत्या! हात बरोबर पट्ट्यावर थांबला.

तू खोडलेलं मी तसंच्या तसं परत आणू शकले नाही. गिरजाच्या पायात बूट राहिलेच. पण तिला ते काढायचे होते, एवढं आता सगळ्यांना दिसेल.

बाबा गेल्यापासून बाळापूरच्या वावरात माझं पाऊल पडलेलं नाही. या पेरणीला जाईन. जाताना तुझी ती वही सोबत नेईन आणि धुऱ्यावर बसून ते प्रकरण मोठ्यानं वाचेन, खोडलेल्या वाक्यासकट. आणि समासात, तुझ्या अक्षराखाली, निळ्या शाईनं लिहीन: आत्याचं बरोबर होतं. लाल शाईला हात लावणार नाही. ती तुझी.

तुझी,
कमू