महालक्ष्म्यांच्या उंचीचे स्पीकर

नाना, तुमचे ते दोन्ही स्पीकर आता माझ्याकडे आहेत आणि त्यांनी मला नुसतं भंडावून सोडलंय. चिक्कडपल्लीचं घर मालकाने पाडायला काढलं तेव्हा मी आईला इकडे आणलं. म्हटलं, साड्या घे, देव घे, बाकी राहू दे. तर म्हणाली, "स्पीकर येणार नसतील तर मीही येत नाही." झालं! माझ्या हॉलमध्ये सोफा, आईची कॉट, एका बाजूला बाल्कनीची काच, दुसऱ्या बाजूला उघडं स्वयंपाकघर, आणि त्यात हे कमरेच्या वर येणारे दोन डबे. तुमचे जावई काही बोलत नाहीत, नुसते अंग चोरून ये-जा करतात. त्याचाच मला जास्त राग येतो.

तुम्ही ते कोठीच्या बाजारातून आणलेत तेव्हा मी बरोबर होते. दुकानदार परोपरीने सांगत होता, "साब, छोटे कमरे को इत्ता बड़ा डब्बा नक्को. खाली गूँजेगा." तुम्ही ऐकाल तर शपथ! ऑटोत एक डबा तुम्ही मिठीत धरलाय, दुसऱ्यामागे मी चेपून बसलेय, आणि घरी आई दारातच कमरेवर हात ठेवून उभी आहे. "हे ठेवायचे कुठे? एक खोली नि मागे स्वयंपाकघर, इथे माणसांनाच जागा नाही." तुम्ही कपाळाला आठ्या घालून म्हणता, "खोलीला काय झालंय? चांगली ऐसपैस आहे." हे वाक्य मी जन्मभर ऐकलं. आईने दुसऱ्या घराचा विषय काढला की तेच, पाहुणे ओसरीत झोपले की तेच. ती एवढंच म्हणत होती हो, की एकदा म्हणा, लहान आहे. घर बदला असंही नंतर नंतर म्हणत नव्हती.

आणि गंमत बघा, दुसऱ्याच्या घरात शिरलात की आधी टाळी वाजवून खोली घुमते का ते बघायचात. माझं लग्न ठरवायला सिकंदराबादला गेलात तिथेही वाजवलीत. सासूबाईंना वाटलं, तुम्ही पाणी मागताय. परत येताना म्हणालात, "हॉल चांगला आहे. मुलगाही बरा आहे." आपल्या खोलीत मात्र तुम्हाला टाळी वाजवताना मी कधी पाहिलं नाही.

डबे दोन कोपऱ्यांत भिंतीला टेकून बसले, आणि दुकानदार म्हणाला तसंच झालं. गाणारा काय गातोय ते कळेना, सगळं एकात एक मिसळून घूं घूं. भाद्रपदात महालक्ष्म्या बसवायची वेळ आली तेव्हा मुखवट्यांखालच्या कोठ्या ठेवायला जागाच उरली नव्हती. मग आईने सरळ तुमच्या स्पीकरांना साड्या नेसवल्या आणि वर मुखवटे ठेवले. मला वाटलं, आता तुम्ही घर डोक्यावर घेणार. तुम्ही खाली बसून निऱ्या सारख्या करायला लागलात. पुढे दरवर्षी तेच. म्हणून आई त्यांना सोडायला तयार नाही.

अशाच एका महालक्ष्म्यांच्या संध्याकाळी तुम्ही टेप केली होतीत. आई आरती म्हणतेय, बायकांच्या बांगड्या वाजतायत, आणि शेवटी अगदी जवळून तुमचा आवाज. आता आईला जाडा आवाज ऐकू येतो, शब्द कळत नाहीत. आणि तुमचे डबे माझ्या हॉलमध्ये नेमका तेवढाच आवाज देतात. रोज दिवा लावला की ती टेप लावायला सांगते. आरती संपते, तुम्ही बोलता, ती कॉटवरून पुढे वाकते. "काय म्हणाले गं?" मी कान लावून लावून शब्द काढलेत, ओरडून सांगते, "म्हणतायत, हल्लू म्हण, खोली लहान आहे आपली!"

"छट्! ते असं म्हणायचेच नाहीत. मनचं सांगतेस."

रोज! अहो, मी त्या डब्यांना कुठे कुठे सरकवलं नसेल! भिंतीपासून ओढले तर बाल्कनीचं दार उघडेना. घुमू नयेत म्हणून डब्यांच्या मागच्या भोकांत मोजे कोंबले, काचेला गादी उभी केली. जावई म्हणाले, "आता आपण जिन्यात राहायला जाऊ." मला हसू आलं नाही. तिचं वय काय थांबणारेय? उद्या तेवढंही ऐकू येईनासं झालं तर?

शेवटी लहान स्पीकर आणले, पोळ्यांच्या डब्याएवढे. आईच्या उशाशी दोन स्टुलांवर, तिच्या कानांच्या उंचीला ठेवले. ती म्हणाली, "ही काय भातुकली!" आणि तोंड फिरवलं. मी टेप लावली. स्वतःचा आवाज ऐकून ती वळली. बांगड्या वाजल्या. मग तुम्ही. हल्लू म्हण गं, खोली लहान आहे आपली.

तिने पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा ऐकलं. मग पदर खोचून त्या एवढ्याशा डब्यावर कडाडली, "आत्ता सांगताय होय? तेव्हा काय तोंड शिवलं होतं?" आणि घळाघळा रडायला लागली. मीही रडले. तेव्हापासून ती रोज तुमच्याशी भांडते आणि मग पोटभर जेवते.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकणार? मोठ्या डब्याचा मोजा काढून तिथेच खुपसून ठेवते. डबे न्यायला एकजण येणार होता, त्याला मी नको म्हणून कळवलं. महालक्ष्म्यांना लागतील, असं घरात सांगितलंय. खरं तर आई खाली देवळात गेली की मी टेप त्यांच्यावरच लावते आणि खुशाल घुमू देते. शब्द कळत नाहीत. तुम्ही आतल्या खोलीतून बोलताय असं वाटतं. आपल्याला आतली खोली कधी नव्हती, तरीही.