इनायातची उंची

मी, राजी अब्दुल-मौला दरविश, बंदरावरच्या जहाज कचेरीतला निवृत्त कारकून, राहणार मुहर्रम बेक, अलेक्झांड्रिया, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवतो. माझे डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण सही गुडघ्यांनी करायची नसते.

१. आम्हाला मूल नाही. घर आणि बँकेतील शिल्लक यांचे तीनपैकी दोन हिस्से कायद्याने माझ्या भावंडांना जातील. ती त्यावरून भांडतील. त्यांना माझ्या शुभेच्छा. उरलेल्या तिसऱ्या हिश्शाबद्दल बोलायचा हक्क माझा, आणि तो मी पुरेपूर वापरणार आहे.

२. १९८७ साली मी आणि माझा सहकारी हिल्मी शलाबी यांनी कचेरी सुटल्यावर तिथल्याच संगणकावर 'अन्फूशीची कोळीण' हा खेळ बनवला. प्रोग्राम त्याचा, चित्रे माझी. तेव्हापासून कॉफीच्या दुकानात हिल्मी दोन्ही आपणच केल्याचे सांगत आला आहे. त्याला मी माझा की-बोर्ड देतो. त्यावर माझ्या नावाचे पहिले अक्षर उमटत नाही, पण त्याचे काही अडणार नाही.

३. खेळातली कोळीण म्हणजे माझी दिवंगत पत्नी इनायात. त्या काळच्या संगणकात पडद्याला रंग पुरवणाऱ्या सीजीए कार्डावर एका वेळी चारच रंग मिळत: काळा, पांढरा, फिरोजी आणि डोळ्यांत खुपणारा गुलाबी. पडद्यावर स्वतःला पाहून ती ओरडली, "राजी, मला काय पित्त उठलंय? तोंड बघ कसलं केलंयस!"

"मग फिरोजी करू?"

"नको, राहू दे. निदान उंची तरी चोरली नाहीस."

इनायात माझ्यापेक्षा वीतभर उंच होती. लग्नाच्या फोटोत माझ्या आईने तिला खुर्चीत बसवले. पुढच्या प्रत्येक फोटोत ती आपणहून गुडघे वाकवायची, लोक मला हसू नयेत म्हणून. ताठ उभी असलेली इनायात जगात त्या एका खेळातच उरली आहे.

४. माझ्या बहिणीचा मुलगा तमीम याने गेल्या वर्षी खेळाच्या जुन्या डिस्केटमधून त्यातली हलती चित्रे, ज्यांना तो स्प्राइट म्हणतो, उकरून काढली आणि प्रदर्शनात भिंतीएवढी छापून लावली. मी इस्त्रीचा कोट घालून गेलो. भिंतीवर एक बुटकी, गोलमटोल बाई उभी होती. दोन मुली म्हणत होत्या, "अय्या, गिड्डी कसली गोड आहे!" तिचे चित्र छापलेले कॉफीचे मगसुद्धा विकायला ठेवले होते. मला रडू आले, आणि ते लपवायला मी तमीमचा कान धरला.

"मामा, देवाशपथ सांगतो, मी एकही ठिपका बदललेला नाही!"

"म्हणूनच माती खाल्लीस! तेव्हाच्या मॉनिटरवर ठिपका उभट दिसायचा. तुझ्या पडद्यावर तो चौकोनी होतो. त्यात माझी बायको चेपली गेली!"

"पण मूळ फाइल जशीच्या तशी..."

"फाइलशी लग्न तू कर. माझं इनायातशी झालं होतं."

५. तरीही माझा जुना संगणक, फुगीर काचेचा मॉनिटर, डिस्केट आणि माझ्या अखत्यारीतला तिसरा हिस्सा तमीमलाच देतो, कारण कुणालाही ती आठवत नसताना तिला शोधून काढणारा तोच. अट एकच. आधी त्याने त्या मॉनिटरवर खेळ लावून तिला डोळे भरून पाहावे. मग उभ्या प्रत्येक पाच ठिपक्यांच्या जागी सहांची उंची देऊन तिला नव्याने छापावे. बुटक्या चित्राचे उरलेले कॉफीचे मग फोडावेत. अट मोडल्यास तो हिस्सा गल्लीतल्या मांजरांच्या मासळीवर खर्च व्हावा. त्यांना ठिपक्यांतले कळत नाही, पण ती फुशारक्याही मारत नाहीत.

६. तिच्या चित्राशेजारी माझा फोटो लावायचे तमीमच्या मनात आहे. खुशाल लावावा. मात्र तिला वाकवू नये आणि माझ्या पायाखाली काही सरकवू नये. लोक हसले तर हसू द्यावे.

वरील मजकूर पुन्हा वाचला, एकही शब्द मागे घ्यावासा वाटला नाही, म्हणून सही.

राजी अब्दुल-मौला दरविश
मुहर्रम बेक, अलेक्झांड्रिया, ता. ९ नोव्हेंबर २०२३

साक्षीदार:

नर्गिस वासेफ, दंतवैद्य, तळमजला.

हिल्मी शलाबी. (की-बोर्ड नाकारतो. कलम २ धादांत खोटे आहे, असा निषेध नोंदवून सही करतो. इनायात उंच होती, हे मात्र मी शपथेवर सांगतो.)