आमच्या गल्लीतल्या वॉशिंग मशीनचा अंदाज

८ जानेवारी २००१
शुक्रवार पेठेत आमच्याच गल्लीला विजेची नवी डीपी बसायची आहे. पुढच्या पाच वर्षांत कुठल्या घरात काय उपकरण येईल आणि त्यावरून विजेची मागणी किती वाढेल, हा अंदाज वीज मंडळातल्या आमच्या साहेबांनी मला करायला सांगितलाय. भावना बाजूला ठेवून काम करायचं. ते मला जमतं.

११ जानेवारी
फ्रिज, गिझर, मिक्सरचे आकडे सरळ आहेत. वॉशिंग मशीन गल्लीत एकच, समोरच्या रत्नव्वा काकूंकडे. गृहीतक: बाई दिवसभर घरात असेल तिथे मशीन येणार नाही. नमुना म्हणून आमचंच घर घेतलं. आईला विचारलं, मशीन हवंय का? ती मोरीत माझे ऑफिसचे ड्रेस घासत होती. म्हणाली, तू म्हणशील तसं. 'गरज नाही' अशी नोंद केली.

२ मार्च
अहवाल दिला. साहेब खूश.

१९ एप्रिल
आईची कंबर धरलीय. मशीन बघूया का, म्हणाली. ज्या घरावर गृहीतक उभं, त्याच घरात लगेच मशीन आलं तर ऑफिसात तोंड दाखवता येणार नाही, हे तिला समजावलं. वर्षभर थांब म्हटलं. तिला मुद्दा पटला. उद्यापासून कपडे मी धुणार.

२० एप्रिल
मीटिंग होती.

१४ जून
आईची कंबर सुधारली. कपडे वेळेवर वाळतात, कुरकुर नाही. गृहीतक भक्कम.

३ जुलै
रत्नव्वा काकूंचा वीजवापर जवळजवळ दुप्पट. घरात माणसं दोन. मीटर बिघडलेला, नाहीतर आणखी काही. शेजारी असल्या तरी गय नाही.

५ जुलै, दुपार
न सांगता गेले. मागच्या पडवीत मशीन चालू. भोवती चार बादल्या, चार बायका, त्यांतली एक आई. हसत होती. रत्नव्वा काकू म्हणाल्या, या इंजिनेरीणबाई, मीटर बघायला आलायसा व्हय? बघा की. आत तुमचीच कापडं फिरत्यात.
आईचं हसू थांबलं. म्हणाली, घरात मशीन आणलं तर तुझा आकडा मोडंल, म्हणून हितं येतो गं.
मीटर बरोबर आहे.

७ जुलै
दुकानात जाऊन मशीन बघून आले. उद्या घरी येईल, ऑफिसचं मी सांभाळते, असं आईला सांगितलं. ती नको म्हणाली. तिकडं आम्ही चौघी बोलत असतो, हितं मशीन आलं की मी कुणासंगं बोलू? तू जेवतानाबी आकडेच लिवत असतीस.
दुकानात फोन करून मशीन नको म्हणून कळवलं.

९ जुलै
अंदाज कुठवर जुळतोय, असं साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं. गल्लीत नवं मशीन एकही आलेलं नाही, असं सांगितलं. त्यांनी टेबलावर थाप मारली, बाकीच्यांना म्हणाले, अभ्यास असा पायजे. एकाच मशीनवर चार घरं कपडे धुतात का, हे त्यांनी विचारलं नाही. मीही बोलले नाही.